बाप गेला, पण सातबारा अजून त्याच्याच नावावर? वारस नोंद, मृत्युपत्र अन् बँकेतल्या पैशाची सगळी माहिती एकाच ठिकाणी

तेरवी उरकते, पाहुणे आपापल्या गावी जातात, अन् घरातले पुन्हा वावराच्या कामाला लागतात. कागदाचं नंतर पाहू, असं म्हणता म्हणता वर्ष जातं, मग पाच वर्षं जातात. सातबाऱ्यावर मात्र वारलेल्या माणसाचंच नाव राहतं. मग कधीतरी पीक कर्जाची फाइल परत येते, फार्मर आयडी निघत नाही, नुकसानभरपाईच्या यादीत नाव असतं पण पैसे घ्यायला माणूस नसतो. तेव्हा धावपळ सुरू होते.

आपल्या जिल्ह्यात हे गावोगावी पाहायला मिळतं. जिगाव प्रकल्पात किंवा समृद्धी महामार्गात ज्यांची जमीन गेली, त्यांना तर हे चांगलंच ठाऊक आहे. मोबदला आधी सातबाऱ्यावरच्या नावाला विचारतो. नाव आजोबांचं असेल तर आधी आजोबांचे वारस, मग त्यांच्या वारसांचे वारस, अशी साखळी जोडत बसावं लागतं.

घरात कोणी वारल्यावर कोणतं काम कधी, कुठं अन् कोणत्या कागदावर होतं, ते या लेखात क्रमाने दिलं आहे. लेख सेव्ह करून ठेवा, घरच्या ग्रुपवर पाठवा. बाहेरगावी दिलेल्या बहिणींनाही पाठवा, कारण यात त्यांचाही विषय आहे.

'जिवंत सातबारा': सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून

मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची नावं लावण्याची 'जिवंत सातबारा' मोहीम मार्च २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांत सुरू झाली. ते पाहून राज्य सरकारने १ एप्रिल २०२५ पासून ती सगळ्या महाराष्ट्रात लागू केली. तलाठ्यांनी चावडी वाचन करून मयत खातेदारांच्या याद्या करायच्या, वारसांनी कागद द्यायचे अन् ठरलेल्या मुदतीत फेरफार घ्यायचा, असं तिचं वेळापत्रक होतं.

तुमच्या गावात मोहीम होऊन गेली अन् तुमचं नाव लागायचं राहिलं, तर घाबरू नका. वारस नोंद हे मोहिमेपुरतं काम नाही. ती वर्षभर, कधीही करता येते.

पहिलं काम: मृत्यूची नोंद २१ दिवसांत

पुढचं सगळं मृत्यू दाखल्यावर अवलंबून आहे. मृत्यू घरी झाला असेल तर ग्रामपंचायतीत, दवाखान्यात झाला असेल तर तिथल्या हद्दीतल्या नोंदणी कार्यालयात नोंद होते. २१ दिवसांच्या आत केली तर फी लागत नाही. त्यानंतर विलंब शुल्क अन् परवानगी लागते. वर्ष उलटून गेलं असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो अन् चौकशीही होते.

दाखला घेताना दोन गोष्टी तपासा:

- नावाचं स्पेलिंग आधार, सातबारा अन् बँक पासबुकाशी जुळतं का? एका कागदावर 'पांडुरंग' अन् दुसऱ्यावर 'पांडू' असेल तर पुढं प्रत्येक ठिकाणी अडेल.
- निदान सात-आठ प्रती घ्या. तलाठी, बँक, विमा, सोसायटी, आरटीओ, प्रत्येकाला एक लागते.

वारस कोण? इथंच जास्त घोळ होतो

हिंदू, बौद्ध, जैन अन् शीख कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ लागू आहे. पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेवर पहिला हक्क आई, बायको, मुलगे अन् मुली यांचा. सगळ्यांना सारखा वाटा. मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर तिचा वाटा तिच्या लेकरांना जातो. मयत मुलाची विधवाही वाटेकरी असते. वडील हयात असले तरी ते या पहिल्या वर्गात येत नाहीत, आई येते. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

हिशोब असा. समजा एका शेतकऱ्याने स्वतःच्या कमाईतून ५ एकर घेतलं होतं. मागे म्हातारी आई, बायको, दोन मुलगे अन् लग्न झालेली एक मुलगी. पाच वारस, प्रत्येकाला १ एकर. मुलीचं लग्न झालं, तिला हुंडा दिला, ती पुण्याला राहते, यातल्या कशानेही हा वाटा कमी होत नाही.

'मुलींना हक्क २००५ पासून मिळाला' असं गावात बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगी १९५६ पासूनच वारस आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून बदल झाला तो वडिलोपार्जित मालमत्तेत. तिथं मुलगीसुद्धा मुलासारखीच जन्मापासून वाटेकरी झाली. त्या तारखेला बाप हयात असलाच पाहिजे असं नाही, हेही सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या त्यामुळे पुन्हा उघडता येत नाहीत. वडिलोपार्जित जमिनीचा वाट्याचा हिशोब थोडा वेगळा पडतो. तो वकिलाला विचारूनच करा.

बाई वारली तर? तिच्या मालमत्तेवर पहिला हक्क नवरा, मुलगे अन् मुली यांचा, सारखाच. तिला मूलबाळ नसेल तर माहेरून वारशाने आलेली मालमत्ता बापाच्या वारसांकडे परत जाते. नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून वारशाने आलेली मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते.

मुस्लिम कुटुंबात वाटे शरियतप्रमाणे ठरतात. आदिवासी समाजाला हिंदू उत्तराधिकार कायदा थेट लागू नाही, तिथं समाजाची प्रथा पाहिली जाते. सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद, संग्रामपूर भागातल्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावं. तरी प्रथा सिद्ध होत नसेल तर फक्त बाई आहे म्हणून वाटा नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं आहे.

वारस नोंद कशी करायची? टप्प्याटप्प्याने

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने ३ महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं असतं. तीन महिने उलटले म्हणून हक्क जात नाही, नोंद नंतरही होते. पण जितका उशीर तितके कागद वाढतात.

लागणारे कागद:

- मृत्यू दाखला
- सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ता, मोबाईल नंबर अन् मयताशी नातं, म्हणजेच वंशावळ
- वारसांबाबत शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र
- पोलीस पाटील, सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा दाखला
- वारसांचे आधार अन् रहिवासी पुरावा
- जमिनीचा सातबारा अन् आठ-अ

पुढं काय होतं:

१. अर्ज तलाठी कार्यालयात द्या, किंवा 'ई-हक्क' पोर्टलवर स्वतःचं खातं उघडून ऑनलाइन करा. ऑनलाइन जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रातून करा. अर्जाची पोच किंवा नंबर घेतल्याशिवाय परत येऊ नका.

२. अर्जाची नोंद गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत होते. तलाठी गावात चौकशी करतो अन् मंडळ अधिकारी वारस ठराव मंजूर करतो.

३. मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार पडतो. सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाते अन् हरकतीसाठी १५ दिवस मिळतात.

४. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो अन् नवीन नावं सातबाऱ्यावर येतात.

फेरफाराची नोटीस 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून कोणालाही पाहता येते. मुंबई-पुण्याला राहणारी बहीण किंवा भाऊ मोबाईलवर पाहू शकतो की आपलं नाव वारसांत आलं की वगळलं. नोंद झाल्यावर १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढा अन् प्रत्येक नाव नीट वाचा.

वारस नोंदीला सरकारी फी लागत नाही. कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे.

सातबाऱ्यावरचे दोन शेरे तपासा

वारस लहान असेल तर त्याच्या नावापुढं 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालक कर्ता असा शेरा येतो. मूल १८ वर्षांचं झालं की वयाचा पुरावा देऊन तो कमी करून घ्यावा लागतो. आपोआप जात नाही. चाळिशीतल्या माणसाच्या नावापुढं अजून 'अ.पा.क.' दिसतो, तो यामुळेच.

दुसरा शेरा 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी बाप वारल्यावर फक्त थोरल्याचं नाव या शेऱ्याने लागायचं. बाकी भाऊ-बहिणी कागदावर दिसतच नाहीत. थोरला वारल्यावर त्याच्या मुलांना वाटतं सगळी जमीन आपलीच, अन् तिथून भाऊबंदकी पेटते. तुमच्या सातबाऱ्यावर हा शेरा असेल तर जुने फेरफार काढून सगळ्यांची नावं लावून घ्या. काम आजच करावं, कारण जुनं माहीत असलेली माणसं हयात आहेत तोवरच ते सोपं आहे.

बहिणीची सही: काय चालतं, काय चालत नाही

वारस नोंद करताना बहिणींची नावं गाळणे हा आपल्याकडचा सगळ्यात महागडा 'शॉर्टकट' आहे. खोटी वंशावळ अन् खोटं शपथपत्र देणं गुन्हा आहे. ते पंधरा वर्षांनी उघडं पडलं तर मधल्या काळात झालेली विक्री, कर्ज, वाटणी सगळंच वादात सापडतं. जमीन विकत घेणाराही अडकतो.

बहिणीला आपला हिस्सा भावाला द्यायचा असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण पद्धत अशी:

- आधी तिच्यासकट सगळ्यांची वारस नोंद होऊ द्या.
- मग दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. वडिलोपार्जित मालमत्तेचं हक्कसोडपत्र भाऊ-बहीण, आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांच्या लाभात विनामोबदला असेल तर मुद्रांक शुल्क ५०० रुपये.
- स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेली सही जमिनीच्या हक्कसोडीला पुरत नाही. नोंदणीच लागते.

अन् बहिणींनो, कोणी कोऱ्या कागदावर किंवा 'बँकेचं काम आहे' म्हणून सही मागितली तर कागद वाचल्याशिवाय देऊ नका. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की ते परत फिरवायला कोर्टात जावं लागतं. चोळी-बांगडीवर माहेरचं नातं टिकतं असं आपण म्हणतो. पण नातं टिकवायचं असेल तर भावानेही मोकळेपणाने विचारावं, तुझा हिस्सा इतका आहे, तुला काय वाटतं?

विधवा सुनेबाबतही हेच. नवऱ्याचा वाटा तिला अन् तिच्या लेकरांना मिळतो. तिने पुढं दुसरं लग्न केलं तरी आधी वारशाने मिळालेला हिस्सा काढून घेता येत नाही.

वारस नोंद झाली म्हणजे वाटणी झाली का?

नाही. वारस नोंदीने सगळ्यांची नावं सामाईकात लागतात. कोणाचा धुरा कुठं, कोणाची विहीर कुठली, हे ठरत नाही. त्यासाठी वाटणी लागते. रस्ते दोन-तीन आहेत:

- सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे कलम ८५ खाली अर्ज करा, किंवा दुय्यम निबंधकाकडे वाटणीपत्र नोंदवा. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला.
- एक जरी वारस राजी नसेल तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा. हिश्श्याचा वाद तहसीलदार सोडवू शकत नाही.

वाटणी करताना विहीर, बोअर, वीज कनेक्शन अन् वावरात जायचा रस्ता कागदावर लिहा. जमीन सरळ वाटली अन् वाट लिहिली नाही, म्हणून पिढ्यान्पिढ्या बोलणं बंद झालेली घरं कमी नाहीत.

गावातल्या घराचं विसरू नका. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर वारसांची नावं लावा. जिथं स्वामित्व योजनेत किंवा सिटी सर्व्हेत मिळकत पत्रिका झाली आहे, तिथं भूमी अभिलेख कार्यालयात वेगळा अर्ज लागतो.

बँक, विमा अन् योजनांचे पैसे

पासबुक नीट पाहा. त्यात ४३६ रुपये कापल्याची नोंद असेल तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. २० रुपये कापले असतील तर सुरक्षा विमा आहे, अपघाती मृत्यूला २ लाख. दावा त्याच बँकेत, लवकरात लवकर, शक्यतो ३० दिवसांत द्या. कित्येक घरांना या विम्याचा पत्ताच नसतो.

शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू (साप चावणे, विजेचा शॉक, वीज पडणे, पाण्यात बुडणे, रस्ता अपघात) झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख मिळतात. वय १० ते ७५. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. पोलीस पंचनामा अन् शवविच्छेदन अहवाल महत्त्वाचा. दुःखाच्या घाईत शवविच्छेदन टाळलं तर पुढं दावा सिद्ध करणं अवघड जातं.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात. विधवा बहिणींनी तिथंच संजय गांधी निराधार योजनेचीही चौकशी करावी.

पीएम किसान: मयताच्या खात्यात हप्ता येत राहिला तर तो वसूल होतो, म्हणून मृत्यू कळवा. योजनेसाठी जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी नावावर हवी, पण त्यानंतर मृत्यूमुळे वारशाने आलेली असेल तर सूट आहे. वारस नोंद झाल्यावर वारसाला स्वतःचा अर्ज करता येतो.

बँकेतली ठेव: नॉमिनी असेल तर मृत्यू दाखला अन् ओळखपत्रावर काम होतं. नॉमिनी नसेल तर काय, यासाठी रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ ला एकसारखे नियम काढले अन् ते लागू करायला बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदत दिली. त्याप्रमाणे वाद नसेल तर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत अन् सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतची रक्कम कोर्टाच्या दाखल्याशिवाय मिळू शकते. हमीपत्र अन् इतर वारसांची ना हरकत द्यावी लागते. कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. पतसंस्थांना हे नियम लागू नाहीत. त्या सहकार कायद्याने अन् स्वतःच्या पोटनियमांनी चालतात, म्हणून तिथं लेखी विचारा.

मयताच्या एटीएमने पैसे काढणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. तो टाळा. पिन माहीत असला तरी त्या पैशावर सगळ्या वारसांचा हक्क आहे, अन् नंतर हिशोब द्यावा लागतो. मयताचा मोबाईल नंबर मात्र कामं संपेपर्यंत चालू ठेवा. बँक अन् आधारचे मेसेज त्यावरच येतात.

ट्रॅक्टर, मोटारसायकल: मृत्यू ३० दिवसांत आरटीओला कळवून पुढं वारसाच्या नावावर करून घ्या. दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीचा अपघात झाला तर विम्याचं भांडण लागतं.

कर्ज: बापाचं कर्ज मुलाने स्वतःच्या कमाईतून फेडलंच पाहिजे असा कायदा नाही. वारसाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. पण जमीन तारण असेल तर बोजा जमिनीबरोबर येतो. अन् ज्याने जामीनकी घेतली, त्याची जबाबदारी वेगळी.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

आपल्या घराघरात 'कालनिर्णय' टांगलेलं असतं. त्याचे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ मध्ये वारले. शेअर अन् म्युच्युअल फंडाला नॉमिनी लावलेले होते अन् मृत्युपत्रही होतं. नॉमिनीच मालक होतो का, हा प्रश्न त्यांच्या कुटुंबातून थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला कोर्टाने निकाल दिला: नॉमिनीला पैसे ताब्यात मिळतात, पण मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच ठरते.

म्हणजे बापाने धाकट्याला नॉमिनी केलं असेल तर बँक त्याच्या हातात पैसे देईल, पण त्यात आई, बहीण, भाऊ यांचा वाटा कायम आहे. तरीही नॉमिनी लावाच, पैसे अडकत नाहीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी करता येतात.

मृत्युपत्र: करायला सोपं, टाळायला महाग

मृत्युपत्र म्हटलं की घरात 'असं अभद्र काहून बोलता' असा सूर निघतो. पण ज्याच्या मागे दोन बायकांची लेकरं आहेत, अपंग मूल आहे, विधवा सून सांभाळते आहे, किंवा एकाच मुलाने म्हातारपण काढलं आहे, त्याने तर ते करायलाच हवं.

- साध्या कागदावरही चालतं. मुद्रांक लागत नाही.
- वय १८ पूर्ण अन् डोकं शाबूत हवं. म्हातारपणी केलं तर त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला जोडा.
- दोन साक्षीदार लागतात, अन् त्यांनी सही किंवा अंगठा करताना पाहिलेला हवा. ज्याला मालमत्ता द्यायची, त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार वयाने तरुण घ्या, म्हणजे पुढं कोर्टात सांगायला हयात राहतील.
- नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे नाममात्र फीत होते. केलेली बरी, वाद कमी होतो.
- कितीही वेळा बदलता येतं. शेवटचं खरं धरलं जातं.
- गट नंबर, क्षेत्र, घर नंबर, खाते नंबर स्पष्ट लिहा. एखाद्या वारसाला कमी देत असाल तर कारणही लिहा.
- वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त आपल्या वाट्यापुरतंच लिहिता येतं. सगळी जमीन एकाच्या नावे लिहिली तर बाकीच्यांचा वाटा त्याने जात नाही.
- जमीन भोगवटादार वर्ग-२ किंवा आदिवासी खातेदाराची असेल तर आधी तहसीलमध्ये विचारा.
- मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच अन् वारस नसलेल्यालाच मृत्युपत्राने देता येतं.

मृत्युपत्रावरून फेरफार घालतानाही बाकी वारसांना नोटीस जाते. म्हणून ते गुपचूप ठेवण्यापेक्षा कुठं ठेवलं आहे, हे निदान एका विश्वासू माणसाला सांगा.

प्रोबेट, वारस दाखला, उत्तराधिकार दाखला: कोणता कशाला?

प्रोबेट म्हणजे 'हे मृत्युपत्र खरं आहे' असं कोर्टाचं शिक्कामोर्तब. ते पूर्वी मुंबई, कोलकाता, चेन्नई इथल्या मृत्युपत्रांना अन् तिथल्या स्थावर मालमत्तेला सक्तीचं होतं. बुलढाणा जिल्ह्यात केलेल्या इथल्याच जमिनीच्या मृत्युपत्राला ते कधीच सक्तीचं नव्हतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं ते कलम २१३ काढून टाकलं, त्यामुळे मुंबईतली सक्तीही गेली. मृत्युपत्रावर वाद होईल असं वाटत असेल तर आजही प्रोबेट घेता येतं. पण गावच्या दोन एकरांसाठी 'प्रोबेटशिवाय होत नाही' असं कोणी सांगून पैसे काढत असेल तर सावध व्हा.

उत्तराधिकार दाखला पैशांसाठी: मोठी बँक ठेव, शेअर, येणं रक्कम. तो दिवाणी न्यायालय देतं, आधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस निघते. जमिनीसाठी तो लागत नाही.

वारस दाखला म्हणजे हे या माणसाचे कायदेशीर वारस आहेत असं दिवाणी न्यायालयाचं प्रमाणपत्र. कुठं काय चालतं हे त्या कार्यालयाकडून लेखी घ्या, मगच कोर्टाचा खर्च करा. सरपंचाचा किंवा पोलीस पाटलाचा दाखला तलाठ्याच्या चौकशीसाठी आधार असतो, तो कोर्टाचा वारस दाखला नव्हे.

वाद झाला तर

नाव वगळलं असेल तर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या अन् पोच घ्या. प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं अन् सुनावणी होते. फेरफार प्रमाणित झाला असेल तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. मात्र सातबाऱ्यावरची नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी मिळत नाही अन् जातही नाही. मालकीचा शेवटचा निर्णय दिवाणी न्यायालयाचा.

वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचीच ताकद असते अन् त्यावर अपील नसतं. घरातलं भांडण मिटवायला ही जागा सगळ्यात स्वस्त.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आजोबा वारून तीस वर्षं झाली, वडीलही गेले. आता होईल का? होईल. दोघांचे मृत्यू दाखले अन् दोन्ही पिढ्यांची पूर्ण वंशावळ लागेल. आत्यांची अन् आत्या वारल्या असतील तर त्यांच्या मुलांची नावंही येतील. वारस कोण हे मृत्यूच्या तारखेला जो कायदा होता त्यावर ठरतं.

एक भाऊ परगावी आहे, तो येत नाही. नोंद अडेल का? वारस नोंदीला सगळ्यांनी हजर राहायची गरज नाही. एका वारसाने अर्ज केला तरी चालतो, फक्त नावं सगळ्यांची द्यावी लागतात.

पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं होतं. वाटा कोणाला? हिंदू कायद्यात पहिली बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न बेकायदेशीर, म्हणून दुसरीला वारसा नाही. पण तिच्या मुलांना बापाच्या हिश्श्यात वाटा आहे, हे सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं.

बापाने मला बोलून दाखवलं होतं की जमीन तुझी. चालेल का? नाही. तोंडी शब्दाने जमीन मिळत नाही. मृत्युपत्र, बक्षीसपत्र किंवा वाटणीपत्र, काहीतरी कागद हवा.

आज संध्याकाळी एवढं करा

मोबाईलवर आपल्या गटाचा सातबारा उघडा अन् त्यावरची नावं मोठ्याने घरात वाचा. त्यातलं कोणी वारलेलं असेल तर उद्या मृत्यू दाखल्यापासून सुरुवात करा. सगळे हयात असतील तर एका वहीत गट नंबर, बँक खाती, विमा, सोसायटीचं कर्ज, कोणाकडून येणं, कोणाला देणं, हे लिहून काढा अन् ती वही कुठं ठेवली ते घरातल्या बाईमाणसालाही सांगा. नवरा गेल्यावर कोणत्या बँकेत खातं होतं हेसुद्धा माहीत नसलेल्या बायका प्रत्येक गावात आहेत. आपल्या घरात तशी वेळ येऊ देऊ नका.

*(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या प्रकरणात कागद पाहून वकिलाचा किंवा विधी सेवा समितीचा सल्ला घ्यावा.)*